सावलीतला सोनटक्का: लागवड आणि निगा

सोनटक्का सावलीत वाढतो, पण गडद सावलीत नुसती पानं देतो. त्याला उजेड असलेली सावली हवी. सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन उत्तम. नाहीतर मोठ्या झाडाच्या फांद्यांमधून झिरपणारं ऊन चालतं. दुपारचं थेट ऊन लागलं की पानांच्या कडा करपतात.

थंडी सरून हवा तापू लागली की कंद लावावेत. सोनटक्का आल्याच्याच कुळातला, त्यामुळे कंदही तसेच दिसतात. 10 ते 12 सेंमीचा, किमान दोन टपोरे डोळे असलेला घट्ट तुकडा घ्या आणि कापलेली बाजू एक दिवस सावलीत सुकू द्या. जमीन 30 सेंमीपर्यंत भुसभुशीत करून तीत भरपूर कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. कंद आडवा, डोळे वर करून ठेवा आणि त्यावर फक्त 3 ते 5 सेंमी माती येऊ द्या. खोल पुरलेला कंद कोंब वर येण्याआधीच कुजू शकतो. दोन कंदांत 45 ते 60 सेंमी अंतर ठेवा.

कोंब फुटेपर्यंत पाणी बेताचंच द्या. पानं आल्यावर मात्र माती कधीच कोरडी पडू देऊ नका. वर वाळलेल्या पाल्याचं आच्छादन घाला. महिन्यातून एकदा मूठभर कंपोस्ट पुरे. युरियासारखी नत्राची खतं जास्त झाली तर झाड हिरवंगार होतं, पण फूल येत नाही.

फुलं येतात ती दांड्याच्या अगदी शेंड्याला, हिरव्या खवल्यांच्या कणसातून. म्हणून झाड पसरावं या हेतूने शेंडे कधीही खुडू नका, त्या दांड्याचा बहर तिथेच संपतो. एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकतं, पण कणसातून नवी फुलं बरेच दिवस उमलत राहतात आणि संध्याकाळी त्यांचा सुगंध अंगणभर पसरतो. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही. तो जमिनीलगत कापा, म्हणजे नव्या कोंबांना जागा आणि उजेड मिळेल. दांडे दीड-दोन मीटर उंच होतात. उजेड एकाच बाजूने येत असेल तर ते तिकडे झुकतात, तेव्हा काठीचा आधार द्या.

तीन-चार वर्षांनी बेटात कंदांची दाटी होऊन बहर कमी होतो. नवी वाढ सुरू होण्याआधी बेट खणा, कडेचे ताजे कंद पुन्हा लावा, मधले जुने, पोकळ झालेले काढून टाका. उरलेले कंद ओढ्याकाठी फेकू नका. ओलाव्यात ते झपाट्याने पसरून तिथल्या मूळच्या वनस्पतींना दडपतात.