गुन्ह्यातील मनःस्थिती : विश्लेषण करताना या चुका टाळा

परीक्षेतील उत्तर असो वा न्यायालयातील लेखी युक्तिवाद, फौजदारी प्रकरणाच्या विश्लेषणात सर्वाधिक गफलत होते ती आरोपीच्या मनःस्थितीच्या मुद्द्यावर. 'गुन्हेगारी मन' म्हणजे सर्व गुन्ह्यांना सारखेच लागू पडणारे काहीतरी आहे, असे धरून चालणे हे बहुतेक चुकांचे मूळ आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता कुठे उद्देश मागते, कुठे जाणीव, कुठे अप्रामाणिकपणा, तर कुठे केवळ निष्काळजीपणा. त्यामुळे वस्तुस्थितीकडे वळण्याआधी कलमातील तो नेमका शब्द अधोरेखित करावा. कलम 303 खालील चोरीला अप्रामाणिक उद्देश लागतो. दुसऱ्याची छत्री आपलीच समजून उचलणाऱ्याच्या ठायी तो नसतो आणि चोरीचा प्रश्न तिथेच मिटतो.

हेतू (कृत्यामागचे कारण) आणि उद्देश (ते कृत्य करण्याचा इरादा) यांची सरमिसळही वारंवार आढळते. आजारी नातेवाइकाच्या औषधासाठी रोकड उचलणाऱ्याचा हेतू सहानुभूतीस पात्र असला तरी उद्देश अप्रामाणिकच राहतो. त्या हेतूचा विचार फार तर शिक्षा ठरवताना होईल. प्रत्यक्षदर्शी पुरावा भक्कम असेल तर हेतू सिद्ध झाला नाही एवढ्याने खटला कोसळत नाही. परिस्थितीजन्य पुराव्यावरच उभ्या असलेल्या खटल्यात मात्र ही उणीव जड जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक खुनाच्या बाबतीत होते. 'ठार मारण्याचा उद्देश दिसत नाही, म्हणून खून नाही' असे लिहून अनेकजण मोकळे होतात आणि खुनाची व्याख्या देणाऱ्या कलम 101 मधील इतर खंड वाचतच नाहीत. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य (1958) या खटल्यात भाल्याचा एकच वार पोटात झाला होता आणि आतडी बाहेर आली होती. आरोपीला नेमकी तीच जखम करायची होती का, एवढाच उद्देशाचा प्रश्न आहे. ती जखम निसर्गक्रमाने मृत्यू घडवण्यास पुरेशी होती का, हे वैद्यकीय पुराव्यावरून वस्तुनिष्ठपणे ठरते आणि तिच्या गांभीर्याची आरोपीला कल्पना असण्याची गरज नाही, असे न्यायमूर्ती विवियन बोस यांनी स्पष्ट केले. म्हणून आधी जखमेचे स्वरूप मांडावे, मग ती अपघाताने किंवा अनवधानाने झाली नाही ना हे तपासावे, त्यानंतर तिची मारकता पाहावी आणि अखेरीस त्याच कलमातील अपवादांकडे वळावे. हा क्रम उलटला की उत्तर हमखास भरकटते.

वाहनाखाली माणूस मेला की थेट कलम 106 (निष्काळजीपणाने मृत्यू) लावण्याची सवयही सोडावी. वांद्र्यात 2006 साली पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली ठार झाले. चालकाने मद्यपान केले होते, गाडी भरधाव होती आणि तिथे मजूर झोपतात हे त्याला ठाऊक असल्याचे मानण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये, तेव्हाच्या दंड संहितेखाली, ते प्रकरण निष्काळजीपणात न बसवता मृत्यू होऊ शकतो याची जाणीव असताना केलेला सदोष मनुष्यवध ठरवले. अर्थात, प्रत्येक जीवघेणा अपघात कलम 105 (खून न ठरणारा सदोष मनुष्यवध) मध्ये ओढणे हीदेखील तितकीच मोठी चूक आहे. जाणीव दाखवणारी परिस्थिती एकेक करून मांडता आली पाहिजे. स्वेच्छेने केलेल्या नशेचा बचावही इथे तोकडा पडतो, कारण कलम 24 नुसार शुद्धीतील माणसाला जी जाणीव असती तीच आरोपीला होती असे मानले जाते. उद्देश मात्र तसा गृहीत धरता येत नाही, तो परिस्थितीवरून शोधावा लागतो.

राहिला नियामक कायद्यांचा, म्हणजे परवाने, आयात, साठा अशा व्यवहारांवर निर्बंध घालणाऱ्या कायद्यांचा, प्रश्न. कलमात मनःस्थितीचा उल्लेख नाही म्हणजे तिची गरजच नाही, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. सर्वोच्च न्यायालयातील एका खटल्यात, मुंबईमार्गे मनिलाला सोने नेणाऱ्या जॉर्ज या आरोपीला नव्या निर्बंधांचे अज्ञान वाचवू शकले नाही. मात्र दुसऱ्या खटल्यात, परवाना मिळेल अशा प्रामाणिक समजुतीने धान्याचा साठा करणारे व्यापारी नथुलाल निर्दोष ठरले. जॉर्ज खटल्यात अल्पमतात राहिलेले न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी नथुलाल प्रकरणातही मनःस्थितीची आवश्यकता उचलून धरली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. अशा कायद्यांत शब्दांबरोबरच कायद्याचा उद्देश आणि मनःस्थितीची अट घातल्यास तो निष्फळ होईल का, हेही तपासावे लागते.