दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५ माफक खाली घेताना सस्पेन्शनची निवड कशी करावी

गाडी किती खाली घ्यावी, हा प्रश्न बहुतेक जण सर्वांत आधी विचारतात. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारण्याचा आहे. आधी पाहायला हवे ते हे, की उंची कमी केल्यावर चाकाला वर सरकण्यासाठी किती जागा शिल्लक राहते, कारण रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा आणि वळणात येणारा प्रत्येक कल त्या तेवढ्याच जागेत जिरवावा लागतो. हे लेखन १९९८ ते २००५ या काळात विकल्या गेलेल्या दुसऱ्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ विषयी, म्हणजे अमेरिकेत मियाटा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि चाहते ज्या पिढीला ‘एनबी’ म्हणतात त्या गाडीविषयी आहे. भारतात ती अधिकृतपणे विकली गेली नाही. पण अमेरिकेत, ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकाला ती जुन्या गाड्यांच्या बाजारात सहज भेटते, आणि तिच्यावर काम करता करता सस्पेन्शनचे शास्त्र जेवढे समजते तेवढे क्वचितच दुसऱ्या गाडीवर समजेल.

या गाडीच्या चारही चाकांना दुहेरी विशबोन, म्हणजे चाकाला वरून आणि खालून धरणारे दोन आडवे हात आहेत. मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे वरच्या हाताऐवजी डॅम्परचाच (शॉक अब्सॉर्बरचा) आधार असलेली गाडी खाली घेतली की तिचे रोल सेंटर, म्हणजे वळणात ती ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, झपाट्याने खाली जाते आणि वळणात मिळणारा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल, तोही घटत जातो. दुहेरी विशबोनची भूमिती त्या मानाने सहनशील असते. म्हणून एमएक्स-५ माफक खाली घेण्यात भूमितीची अडचण फारशी येत नाही. अडचण येते ती चाकाच्या चालीची, म्हणजे ते वरखाली सरकू शकते त्या अंतराची. आणि फायदा किती, तेही प्रामाणिकपणे पाहावे. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ४५० मिमी उंचीवर आहे असे धरले, तर गाडी २० मिमी खाली घेतल्याने वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार साधारण चार ते साडेचार टक्क्यांनीच कमी होतो. नवे सस्पेन्शन बसवल्यावर गाडी अगदी वेगळी वाटते, त्याचे श्रेय बहुतांशी नव्या डॅम्परला आणि नेमक्या ताठपणाच्या स्प्रिंगला असते, कमी झालेल्या उंचीला नव्हे.

काहीही विकत घेण्यापूर्वी आजची स्थिती मोजून लिहून ठेवावी. सपाट जमिनीवर, इंधनाची टाकी अर्धी भरलेली असताना, चाकाच्या मध्यबिंदूपासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंनी घ्यावे. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नये, कारण टायरचा आकार आणि त्यातली हवा बदलली की तो आकडाही बदलतो. त्यानंतर डॅम्परवरचे धूळ रोखणारे आवरण वर सरकवून, दांड्यावर डॅम्परच्या तोंडाशी टेकलेली अशी प्लास्टिकची बारीक झिप-टाय घट्ट बांधावी आणि नेहमीच्या रस्त्यांवर, नेहमीच्या वेगाने गाडी चालवावी. डॅम्पर दाबला जाताना ती झिप-टाय दांड्यावर वर ढकलली जाते आणि तिथेच राहते, त्यामुळे चाल किती वापरली गेली हे परतल्यावर स्पष्ट दिसते. झिप-टाय बंप स्टॉपला, म्हणजे चाल संपताना धक्का झेलणाऱ्या दांड्यावरच्या मऊ ठोकळ्याला, जाऊन भिडलेली असेल, तर मूळ उंचीवरच गाडीची मोकळी चाल संपते आहे, असा अर्थ घ्यावा. या गाडीत असे आढळण्याची शक्यता बरीच आहे, कारण तिचे मूळ बंप स्टॉप लांब असून ते लवकर कामाला लागतात.

या मोजमापाला एवढे महत्त्व का द्यायचे, ते एका उदाहरणाने कळेल. चाकाला वर जायला ७० मिमी जागा आहे असे समजू. गाडी २५ मिमी खाली घेतली की ४५ मिमी उरते. एकाच खड्ड्याचा तोच धक्का या उरलेल्या जागेत जिरवायचा असेल, तर स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा चालीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे स्प्रिंगचा ताठपणा सुमारे २.४ पट वाढवावा लागेल. तीच गाडी १५ मिमीच खाली घेतली, तर ५५ मिमी उरते आणि ताठपणा सुमारे १.६ पट पुरतो. म्हणजे शेवटच्या दहा मिमींची किंमत पहिल्या पंधरा मिमींपेक्षा जास्त आहे. प्रत्यक्षात डॅम्पर आणि बंप स्टॉपही धक्क्याचा वाटा उचलत असल्याने हे गुणोत्तर जसेच्या तसे लागू होत नाही, पण दिशा हीच राहते, आणि ‘माफक’ या शब्दाचा या गाडीपुरता अर्थ मी १५ ते २५ मिमी असाच घेतो.

स्प्रिंग न बदलता, किंवा अपुऱ्या ताठ स्प्रिंगवर, गाडी फार खाली घेतली तर ती वारंवार बंप स्टॉपवर आदळू लागते. मालकाला वाटते की स्प्रिंग फार कडक आहे. खरे तर ती फार मऊ असते आणि जाणवणारा कडकपणा बंप स्टॉपचा असतो. हा केवळ सुखाचा प्रश्न नाही. भर वळणात रस्त्याला उंचवटा आला आणि बाहेरचे मागचे चाक बंप स्टॉपवर गेले, तर त्या कोपऱ्याचा ताठपणा एका क्षणात कित्येक पट वाढतो, टायरची पकड सुटते आणि गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. अवघा २,२६५ मिमी व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) असलेल्या गाडीत ही घसरण इतकी वेगाने घडते की सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून गाडी खाली घेताना हळूहळू ताठ होत जाणारे, स्पंजासारख्या पॉलियुरेथेनचे चांगले बंप स्टॉप बसवणे हा खर्च मी ऐच्छिक मानत नाही. पहिल्या पिढीची, म्हणजे ‘एनए’ गाडी असेल, तर तिला एनबीच्या डॅम्परच्या वरच्या माउंटिंग बसवल्याने थोडी जास्तीची चाल मिळते, हेही त्या गाडीच्या मालकांनी ध्यानात ठेवावे.

आता स्प्रिंग. तिचा ताठपणा अंदाजाने निवडू नये. साधे गणित पुरते. रस्त्यावरच्या खेळकर गाडीसाठी सस्पेन्शनची नैसर्गिक वारंवारिता, म्हणजे स्प्रिंगवर गाडी सेकंदाला जितक्या वेळा वरखाली होते ती संख्या, १.५ ते १.८ हर्ट्झच्या दरम्यान ठेवावी, असे मला वाटते. २ हर्ट्झच्या पुढे गेले की गाडी ट्रॅकला शोभेल, पण रोजच्या रस्त्यावर त्रास देईल. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगने पेललेले वजन २४५ किलो धरले आणि १.६ हर्ट्झ हवे असतील, तर चाकापाशी सुमारे २५ न्यूटन प्रति मिमी ताठपणा लागतो. पण स्प्रिंग चाकापाशी नसते, ती विशबोनवर आतल्या बाजूला असते, आणि चाक १० मिमी हलले की ती साधारण ७ मिमी दबते. या ०.७ च्या गुणोत्तराचा वर्ग सुमारे निम्मा येतो, त्यामुळे प्रत्यक्ष स्प्रिंग सुमारे ५० न्यूटन प्रति मिमी, म्हणजे जपानी पद्धतीने लिहिल्यास ५ किलो प्रति मिमीच्या आसपास हवी. बाजारात ८ आणि १० किलोच्या स्प्रिंग लावलेले स्वस्त संच दिसतात. हे गणित करून पाहिले की ते घरच्या रस्त्यासाठी नाहीत हे लगेच ध्यानात येते. या गाडीच्या संचांत पुढची स्प्रिंग मागचीपेक्षा ताठ असते, तेव्हा चारही जागी एकच आकडा छापलेला संच दिसल्यास सावध व्हावे. मूळ स्प्रिंग कापून गाडी खाली घेण्याचा मार्ग तर कोणीही पत्करू नये: कापलेल्या स्प्रिंगचे टोक ती जिच्यावर टेकते त्या थाळीत नीट बसत नाही, आणि चाक लोंबकळताना ती जागेवरून सरकू शकते.

स्प्रिंगपेक्षाही डॅम्परवर पैसा खर्च करावा, हे मी आग्रहाने सांगतो. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचे मूळ डॅम्पर कितीही ठीक दिसत असले तरी त्यांत दम उरलेला नसतो, आणि त्यांच्यावर आखूड, ताठ स्प्रिंग चढवली की प्रत्येक खड्ड्यानंतर गाडी उसळत राहते. ज्याला एवढ्यावरच थांबायचे आहे, त्याने नामवंत कंपनीच्या खाली घेणाऱ्या स्प्रिंग आणि त्यांना साजेसे डॅम्पर असा जोड घ्यावा. कोनीच्या पिवळ्या स्पोर्ट डॅम्परमध्ये रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग उलगडताना होणारा प्रतिकार, कमीजास्त करता येतो, आणि या गाडीसाठीच्या डॅम्परवर स्प्रिंगची थाळी बसवायला एकाहून अधिक खाचा असतात, त्यामुळे उंचीही थोडी निवडता येते. बिलस्टाइनचा बी६ हा मूळ लांबीचा डॅम्पर आहे, तर बी८ खाली घेतलेल्या गाडीसाठी आखूड केलेला. खाली घेणाऱ्या स्प्रिंगसोबत आखूड डॅम्पर घेण्याचे कारण असे की चाक लोंबकळत असतानाही स्प्रिंग थाळीत घट्ट राहावी.

उंची स्वतः मिमीमिमीने ठरवायची असेल तर कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-डॅम्परचा एकत्र संच घ्यावा, पण सगळे कॉइलओव्हर एका जातीचे नसतात. एका प्रकारात फक्त स्प्रिंगची थाळी वरखाली फिरते. तिथे गाडी जेवढी खाली, तेवढी चाल कमी. दुसऱ्या प्रकारात डॅम्परच्या खालचा भागही फिरवून एकूण लांबी बदलता येते, म्हणजे उंची बदलली तरी डॅम्परच्या आतली चाल तशीच राहते. दुसरा प्रकार ऐकायला सरस वाटतो आणि योग्य आखणी असेल तर आहेही, मात्र टायर आतून मडगार्डला घासण्याची मर्यादा तिथे डॅम्परऐवजी मालकाला सांभाळावी लागते. नियंत्रणाच्या पायऱ्या कंपन्यांच्या नावांतूनच कळतात: बिलस्टाइनच्या बी१४ मध्ये फक्त उंची बदलते, बी१६ मध्ये डॅम्पिंगही, केडब्ल्यूच्या व्हेरियंट १ मध्ये उंची, व्हेरियंट २ मध्ये सोबत रिबाउंड, आणि व्हेरियंट ३ मध्ये दाबाच्या दिशेचे डॅम्पिंगसुद्धा. ज्याला मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची सवय नाही, त्याने कमी खुंट्यांचा संच घ्यावा. चुकीच्या जागी ठेवलेले चार नियंत्रक, कारखान्यात नीट जुळवलेल्या एका डॅम्परपेक्षा वाईट वागतात.

खरेदीपूर्वी कायद्याकडेही पाहावे. ब्रिटनमध्ये हा बदल विमा कंपनीला कळवावाच लागतो, जर्मनीत सुट्या भागासोबत आलेले तांत्रिक प्रमाणपत्र तपासणी संस्थेला दाखवून बदलाची नोंद करून घ्यावी लागते, आणि अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. भारतात कुठलीही स्पोर्ट्स कार खाली घेण्याचा विचार असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाहीत असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ मधील निकाल आधी वाचावा. शिवाय आपल्याकडे भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधकच १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद आहे, आणि गल्लीत बांधलेले गतिरोधक कुठल्याच मानकात बसत नाहीत.

बसवताना सर्वांत दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे विशबोनच्या सांध्यांतले रबरी बुश. त्यांचे बोल्ट चाके हवेत लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली टेकल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते. गाडी असावी त्यापेक्षा उंच राहते आणि बुश लवकर फाटतात. म्हणून शेवटचे आवळणे नेहमी गाडीचे वजन चाकांवर असताना करावे. अलाइनमेंटसाठी, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्यासाठी, खालच्या विशबोनच्या आतल्या टोकांना फिरवून कोन बदलणारे विक्षेपी बोल्ट आहेत, आणि बर्फात मीठ टाकणाऱ्या प्रदेशांत ते गंजून पक्के बसतात. आदल्या दिवसापासून त्यांना भेदक तेल द्यावे, मूळ जागेच्या खुणा करून ठेवाव्यात, आणि ते हलत नसतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करावा, कारण अलाइनमेंट करता येत नसेल तर गाडी खाली घेण्यात अर्थ नाही. जुन्या डॅम्परवरून स्प्रिंग उतरवताना स्प्रिंग कॉम्प्रेसर चांगल्या दर्जाचाच वापरावा. दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी इजा होते, आणि मनात शंका असेल तर हे एक काम गॅरेजवाल्याकडून करून घ्यावे.

उंची ठरवताना रोजच्या गाडीत पुढचे चाकमध्य ते मडगार्ड अंतर ३२५ मिमीच्या खाली नेऊ नये, आणि मागचे त्याहून ६ ते १२ मिमी जास्त ठेवावे, असे माझे मत आहे. कॉइलओव्हर असेल, तर चालकाचे वजन आसनावर ठेवून आणि अँटी-रोल बारच्या (वळणात गाडीचे कलणे रोखणाऱ्या, डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडून, चार तराजूंवर गाडी तोलून घ्यावी; कर्णातल्या दोन चाकांची बेरीज एकूण वजनाच्या निम्मी येईपर्यंत थाळ्या फिरवाव्यात, मग डाव्या-उजव्या उंचीत दोन-चार मिमींचा फरक राहिला तरी चालेल. नव्या स्प्रिंग पहिल्या काही आठवड्यांत किंचित बसतात, म्हणून अलाइनमेंट एकदा लगेच आणि एकदा त्यानंतर करावी. सुरुवातीला पुढे उणे १ अंश आणि मागे उणे १.५ अंश कॅम्बर, दोन्ही बाजूंना समान कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल), पुढे जवळजवळ शून्य टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) आणि मागे थोडा टो-इन, म्हणजे चाकांची पुढची टोके किंचित आत, ठेवावा. मागचा टो-इन काढून टाकल्यास गाडी ब्रेक मारताना अस्थिर होते. दुसऱ्या अलाइनमेंटच्याच वेळी सगळे बोल्ट निर्देशित टॉर्कने पुन्हा तपासावेत, झिप-टाय पुन्हा बांधून चाल पाहावी, आणि हेडलाइटचा झोत भिंतीवर टाकून नव्या उंचीनुसार जुळवून घ्यावा.