सॅन डिएगो कन्व्हेन्शन सेंटरला जाताय? मग आधी हे उरकून घ्या

एखादी कॉन्फरन्स असो नाहीतर जुलैतलं कॉमिक-कॉन (कॉमिक्स आणि सिनेमाच्या चाहत्यांचा मोठा मेळावा), सगळ्यात आधी आपला कार्यक्रम कुठल्या हॉलमध्ये आहे ते बघा, बाकीची तयारी त्यावरच ठरते. ही बिल्डिंग 1989 ला सुरू झाली, 2001 ला आणखी वाढवली, आणि आता ती हार्बर ड्राइव्हच्या कडेने लांबच लांब पसरलीय, हॉल ए या टोकाला तर हॉल एच पार त्या टोकाला, गर्दीत एवढं अंतर कापायचं म्हणजे सेशनची सुरुवात गेलीच समजा. ए-बी कडे जायचं असेल तर ट्रॉलीने, म्हणजे इथल्या शहरी रेल्वेने, कन्व्हेन्शन सेंटर स्टेशनला उतरा, एच कडे असेल तर गॅसलँप क्वार्टर स्टेशनला. एअरपोर्ट जवळच आहे पण तिथे ट्रॉली येत नाही, 992 नंबरची बस पकडून सांता फे डेपोला यायचं आणि तिथून ट्रॉलीची ग्रीन लाइन. बस-ट्रॉलीच्या तिकिटासाठी प्रॉन्टो कार्ड किंवा अ‍ॅपमध्ये पैसे आधीच भरून ठेवा, संध्याकाळी सगळे एकदम बाहेर पडतात तेव्हा मशीनपुढे उभं राहायचं जिवावर येतं.

आणि हो, गॅसलँप या समोरच्या वस्तीतून चालत येणार असाल तर मध्ये रेल्वेचे रूळ आहेत हे डोक्यात ठेवा. मालगाडी आली की फाटक बंद, आणि तिचे डबे संपता संपत नाहीत. घाई असेल तर पेटको पार्क या बेसबॉल स्टेडियमजवळचा पादचारी पूल घ्या, तो थेट एच च्या बाजूला उतरतो.

कपड्यांचं नीट ऐका कारण इथेच बरेच जण फसतात. कॅलिफोर्निया म्हणून नुसते टी-शर्ट भरू नका, सकाळी समुद्रावरून ढग आत येतात, सगळं करडं आणि गारठलेलं, दुपारी तेच ऊन चटकतं, आणि आत शिरलात की एसीने बोटं गार. चेनचं पातळ जॅकेट बॅगेत हवंच. बूट मात्र वापरून सैल झालेलेच घाला, खाली काँक्रीट असतं आणि त्यावरचं कार्पेट नावापुरतं, सोबत बँडेड आणि मोज्यांचा एक जादा जोड.

कॉमिक-कॉनचा बॅज, म्हणजे प्रवेशाचा पास, दारावर विकत मिळत नाही, तो महिने आधी ऑनलाइन घ्यावा लागतो, म्हणून बॅज हातात असल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका असं माझं स्पष्ट मत आहे. हॉल एच मध्ये एक पॅनल (मंचावरची चर्चा) संपलं तरी लोकांना बाहेर काढत नाहीत, त्यामुळे दुपारचं पॅनल हवं असेल तरी लाइन पहाटेच, कधी आदल्या रात्रीच धरावी लागते. त्यासाठी चटई, पाण्याची बाटली, पॉवर बँक. आत नेटवर्क कधीही झोपतं, तेव्हा वेळापत्रकाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि सोबतच्यांना भेटायची जागा सांगताना "मेन गेट" म्हणू नका, दारं खूप आहेत, हॉलचं अक्षर सांगा.