यात्रेला पाहुणे येण्याआधी: मोठे कुत्रे पाळणाऱ्या घराची तयारी

जानेवारीच्या मध्याला सोलापुरातली घरे दिवसभर उघडी असतात. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, तिला लागून संक्रांत, विजापूर, कलबुर्गी, अक्कलकोटकडून उतरलेले पाहुणे, तिळगुळाची वाटी घेऊन घरोघरी फिरणारी गल्लीतली मुले, आणि त्यातच काही दिवसांच्या खंडानंतर नेमके अवेळी नळाला येणारे पाणी. ज्या घरात ४५ किलोचा रॉटवायलर आहे, त्या घराने या दिवसांची तयारी तीळ भाजायला घेण्याआधीच पुरी केलेली असावी. गेल्या वर्षी मी ती केली होती, असा माझा समज होता. लस झालेली होती, पट्टा नवा होता, फाटकावर पाटी होती. राहिली होती ती आतल्या दाराची कडी, आणि तिची किंमत शेजारच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताने मोजली.

झाले ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी यादी त्यावर उभी आहे. आमचे कुत्रे मागच्या अंगणात असते. तिथून घराच्या बाजूचा बोळ थेट पुढच्या फाटकापर्यंत येतो आणि बोळाच्या मध्यावर एक लोखंडी जाळीचे दार आहे. संक्रांतीच्या दुपारी पाणी आले, हौद भरायला बाहेरच्या नळावरून पाइप आत घेतला आणि पाइप चिरडू नये म्हणून फाटक वीतभर उघडे ठेवले. बोळाचे दार कोणीतरी बादली घेऊन जाताना उघडले आणि नुसते टेकवून ठेवले. घरात त्या वेळी अकरा माणसे होती आणि अकराही जणांना वाटले की कडी दुसऱ्याने घातली असेल. मुलगा तिळगूळ घेऊन फाटकातून आत आला. तो कुत्र्याला नावाने ओळखत होता, कुत्रेही त्याला ओळखत होते. पण अनोळखी माणसांची सकाळपासूनची वर्दळ, भांड्यांचा आवाज आणि समोरून धावत आलेले मूल, एवढे एका जागी जमले की ओळख कामाला येत नाही. मुलाच्या हातावर दोन खोल जखमा झाल्या.

म्हणून पहिली गोष्ट आतल्या दाराची. कुत्रे आणि रस्ता यांच्यामध्ये दोन बंद दारे असली पाहिजेत, एक नव्हे. फाटक हे दार धरूच नये, कारण फाटक उघडण्यासाठीच असते: दूधवाला, सिलिंडरवाला, पार्सलवाला, पाण्याचा पाइप, प्रत्येकासाठी ते उघडते. खरे दार आतले. त्याला टेकवले की आपोआप मिटणारी स्प्रिंगची बिजागरी बसवावी, कडी लहान मुलाच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर घ्यावी, आणि कोयंड्यात कुलूप नाही तरी निदान खिट्टी अडकवावी, कारण अंगाने धडका देऊन साधी आडवी कडी सरकवणे मोठ्या कुत्र्याला जमते. दाराच्या खाली किती फट आहे तेही वाकून पाहावे. फॅब्रिकेशनवाल्याला हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, मात्र यात्रेच्या आठवड्यात तो सापडत नाही, म्हणून डिसेंबरातच बोलवावे.

दार बसवून भागत नाही. कडी कोणाची, हे नावानिशी ठरवावे. ‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ असे सांगितले की कोणीच लक्ष ठेवत नाही, हे मी अकरा माणसांच्या अनुभवावरून सांगतो. घरातल्या एका मोठ्या माणसाकडे ती जबाबदारी द्यावी; तो बाहेर गेला तर दुसऱ्याला ‘कडी आता तुझ्याकडे’ असे तोंडाने सांगून जावे. यात हसण्यासारखे काही नाही. आणि पाणी आलेल्या दिवशी फाटक उघडण्याआधी आतली कडी हाताने ओढून पाहावी. डोळ्यांनी पाहून चालत नाही. टेकवलेले दार आणि लावलेले दार लांबून सारखेच दिसते.

लस, महापालिकेची नोंदणी, जंतांचे औषध हे कोणी सांगायला नको. पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची पहिली लस आणि पुढे पशुवैद्याने लिहून दिलेल्या तारखांना ती पुन्हा, एवढे पाळावे आणि लसीची पुस्तिका कपाटाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावी. रुग्णालयात डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतात.

मुसक्याची सवय मात्र महिनाभर आधी सुरू करावी लागते. आपल्याकडे मळणीच्या बैलांना मुसके घालण्यात कोणालाही क्रूरपणा वाटला नाही, आणि कुत्र्याला मुसके म्हटले की लोक तोंड वाकडे करतात. जाळीचे, टोपलीसारखे मुसके घ्यावे, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते. तोंड आवळणारी कापडी पट्टी पशुवैद्याच्या टेबलावर दोन मिनिटांपुरती ठीक असते. घामाने अंग गार करण्याची सोय कुत्र्याला जवळजवळ नसते, धापेवरच ते तगते, आणि सोलापूरच्या उन्हात तोंड आवळलेले कुत्रे उष्माघाताने मरू शकते. पहिले काही दिवस मुसक्याच्या आत भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवून कुत्र्याला आपणहून नाक घालू द्यावे, मग क्षणभर बंद लावावा, मग हळूहळू वेळ वाढवावा. पाहुणे दारात आल्यावर पहिल्यांदा मुसके चढवायला गेलात तर चावा तुम्हालाच बसेल.

खच्चीकरण करायचे असेल तर तेही पशुवैद्याशी बोलून बरेच आधी करावे. त्याने नराचे भटकणे आणि इतर नरांशी भांडणे बहुधा कमी होते, भीतीपोटी चावणे मात्र त्यामुळे थांबेल असे धरू नये. आठवडा आधी शस्त्रक्रिया करून यात्रेत कुत्रे शांत राहील असे समजणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. टाके दुखणारे कुत्रे आणि घरभर मुले, यापुढे त्यांनी काय भोगले ते त्यांनाच ठाऊक.

जातीचा वाद इथे थोडक्यात उरकतो. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले. त्यात पिटबुल आणि रॉटवायलर दोन्ही होते. एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. माझे मत असे की गावठी कुत्रेही चावते, पण रॉटवायलरच्या जबड्यात सापडलेल्या हाताची अवस्था वेगळी होते, म्हणून मालकाची जबाबदारी त्या वजनाने वाढते. कायदा तर जात विचारतच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका असताना पुरेशी खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पुरेशी खबरदारी म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी तरी आतल्या दाराची कडी दाखवीन.

पाटी लावावी, पण पाटीवर विसंबू नये. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ एवढे मराठीत लिहिले म्हणून कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारे हे शहर सावध होते असे नाही, आणि ज्या मुलाला चावा बसला त्याला ती पाटी पाठ होती. फाटकाजवळ साखळीने दिवसभर बांधून ठेवणे हा तर त्याहून वाईट उपाय आहे. येणारा-जाणारा दिसतो, त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही आणि त्याच्यापासून दूरही जाता येत नाही, अशा जागी कुत्रे रोज थोडे थोडे चिडत जाते आणि ज्या दिवशी साखळीची कडी तुटते त्या दिवशी सगळे एकदम बाहेर येते. त्याची जागा मागे, सावलीत, पाण्यासह, आणि आतल्या दाराच्या पलीकडे असावी.

पाहुण्यांना आधी फोन करून सांगावे की कुत्रे भेटवले जाणार नाही. ‘आमचा काही करत नाही’ हे वाक्य मालकाने या दिवसांत तोंडातून काढू नये. मी ते गेल्या वर्षी सकाळीच दोनदा उच्चारले होते. पाहुण्यांच्या मुलांना तीन गोष्टी सांगाव्यात: जेवणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही, त्याला मिठी मारायची नाही, आणि ते अंगावर आले तर पळायचे नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखे उभे राहायचे, पडलोच तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाकायचे. लहान मुलाचे तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर येते, म्हणून मुलांना चावा पुष्कळदा चेहऱ्यावर आणि मानेवर बसतो. मोठ्यांनी कुत्र्याच्या अंगाकडे पाहायला शिकावे. अंग ताठ होणे, खाता-खाता एकदम थिजणे, डोळ्याच्या कोपऱ्यातले पांढरे दिसणे, अन्न समोर नसताना ओठ चाटणे, या सगळ्या गुरगुरण्याच्या आधीच्या पायऱ्या आहेत. शेपटी हलते म्हणजे कुत्रे खुशीत आहे, हा समज सोडावा. आणि गुरगुरल्याबद्दल मारू नये, नाहीतर पुढच्या वेळी ते न गुरगुरताच चावेल.

यात्रेच्या दिवसांचा क्रम सोलापूरकरांना सांगण्याची गरज नाही. अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, अक्षता, होम, आणि मग होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला कुत्रे नेण्याचा विचारही करू नये. दारूकामाच्या संध्याकाळी उजेड असतानाच फिरवून आणावे, जेवण लवकर द्यावे, आतल्या खोलीत खिडक्या लावून पंखा किंवा रेडिओ चालू ठेवावा आणि सोबत घरातले एक माणूस बसावे. घाबरलेले कुत्रे पळून जाण्यासाठी दार शोधते, म्हणून त्या रात्री दोन्ही कड्या. माणसांची झोपेची गोळी देऊ नये. औषध लागणार असेल तर पशुवैद्याकडून आधी घेऊन एखाद्या साध्या दिवशी त्याचा परिणाम पाहून ठेवावा.

एवढे करूनही चावा बसलाच तर काय करायचे, ते कागदावर लिहून फ्रिजवर लावावे, कारण त्या वेळी आठवत नाही. कुत्र्याला कोंडावे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. आमच्याकडे हळदीचा डबा येईपर्यंत मुलाची आई पोहोचली आणि तिने तो हात झटकून नळाखाली धरला, ते बरे झाले. लगेच सिव्हिलला किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे, खोल जखमेत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे, जखमेच्या भोवती टोचावे लागते. लसीचे दिवस त्वचेतल्या पद्धतीने ०, ३, ७ आणि २८ असे असतात, स्नायूत देतात तेव्हा १४ वा दिवसही त्यात येतो. आपल्या कुत्र्याला लस झाली आहे म्हणून मुलाचे उपचार थांबवू नयेत, ते डॉक्टर ठरवतील. खर्च मालकाचा, न मागता. कुत्रे १० दिवस डोळ्यांसमोर ठेवावे आणि ते आजारी दिसल्यास डॉक्टरांना कळवावे. रातोरात लांब कुठेतरी नेऊन सोडणे हा दुसरा गुन्हा.

पाहुण्यांचे परतणे उरले. पिशव्या, चादरीची गाठोडी, शेंगाचटणीचे डबे रिक्षात चढवताना फाटक अर्धा तास उघडे असते आणि निरोपाच्या गडबडीत कोणी ना कोणी काहीतरी आणायला मागच्या अंगणात जातेच. आधी आतली कडी ओढून पाहावी, मग रिक्षावाल्याला हाक मारावी.