गाठाळ धामणीचं धनुष्य: क्रॉसबोसाठी

वागळे इस्टेटमधल्या एका फाउंड्रीत मी 31 वर्षं पॅटर्नमेकर होतो. ओतकामाआधी वाळूत दाबायचे लाकडी नमुने आम्ही करायचो. ओतीव लोखंड थंड होताना शंभराला साधारण एक भाग आकसतं, म्हणून आमच्या पट्टीवरचे सेंटिमीटरच तेवढे मोठे असायचे. एवढ्या काटेकोरपणाची सवय लागलेल्या माणसाने गाठाळ लाकडाचं धनुष्य करायला घेतलं की काय होतं ते मी भोगलंय. पहिलं धनुष्य मी रंधा मारून आरशासारखं साफ केलं, गाठी सपाट करून टाकल्या. दोरी 22 सेंटिमीटर ओढली आणि ते गाठीतूनच फुटलं. आवाज असा, की खालच्या मजल्यावरच्या वहिनी सिलिंडर फुटला म्हणून जिन्यात आल्या. दुसरं टिकलं. ते कसं केलं ते सांगतो.

क्रॉसबो म्हणजे लाकडी दस्त्यावर आडवं बांधलेलं धनुष्य. युरोपात त्यासाठी, आणि लांब धनुष्यांसाठी तर त्याहूनही जास्त, यू नावाच्या झाडाचं लाकूड वापरत. त्याचं बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं आणि आतली तांबूस नार दाब सोसते. इंग्लंडचं मेरी रोझ जहाज 1545 साली बुडालं आणि 1982 साली वर काढलं, त्यात यूची शंभरावर धनुष्यं निघाली. आपल्याकडे हिमालयात यूची भावकी आहे, पण ते झाड आधीच संकटात आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. आपल्या धामणीच्या झाडाचं लाकूड काही कमी नाही. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, धनुर्वृक्षही म्हणतात. कुऱ्हाडीचे दांडे, कावडी, गाडीच्या दांड्या याच लाकडाच्या, कारण ते वाकतं आणि परत येतं. मला तुकडा मिळाला मुरबाडकडच्या एका ओळखीच्या सुताराकडे. सरळ भागाचे दांडे काढून झाले होते आणि गाठाळ बुंधा कुणी घेत नव्हतं. तीन वर्षं पडवीत पडलेला होता.

तुकडा घेताना एकच बघा: सालीखालचा बाहेरचा भाग एका बाजूला तरी अखंड हवा. तीच धनुष्याची पाठ, म्हणजे नेम धरल्यावर आपल्यापासून लांब राहणारी बाजू. पाठ ताणली जाते; पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दाबलं जातं. लाकूड तुटतं ते बहुतेक पाठीच्या तंतूंतून, म्हणून पाठीवर रंधा नाही, कानस नाही. साल बोथट सुरीने खरवडायची आणि थांबायचं.

वाळलंय का हे ठोकून कळत नाही. दोन्ही टोकांना फेविकॉलचा जाड थर द्या, नाहीतर टोकं आधी सुकून तडकतात. मग दर रविवारी वजन करा. माझा तुकडा घरी आला तेव्हा 2 किलो 340 ग्रॅम होता. ठाण्याच्या पावसाळ्यात तर तो उलट 60 ग्रॅमनी वाढला! फेब्रुवारीत 1 किलो 910 वर आला आणि लागोपाठ चार रविवार तिथेच राहिला. तेव्हा हात घातला. हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्येच करा. जुलैत जुळवलेलं धनुष्य जानेवारीत वेगळंच वागतं.

आता आखणी. मला लांबी 90 सेंटिमीटर हवी होती. मधले 10 सेंटिमीटर न वाकणारे, तिथे रुंदी 4, टोकांना दीड. कागद मधोमध दुमडून अर्ध्याचा आकार कापला म्हणजे दोन्ही बाजू सारख्या निघतात. पण तो कागद लाकडावर ठेवला की पहिली अडचण येते. लाकडाचे धागे सरळ नसतातच. गाठ म्हणजे फांदीची मुळी. ओढ्यात दगडाला पाणी वळसा घालून जातं तसे धागे तिला वळसा घालतात. आपण गेरूचं सूत मारून सरळ कापत गेलो की वळसा घातलेले सगळे धागे कापले जातात. म्हणून सूत फक्त टोक ते टोक मारा, दोरी मधोमध जाते ना एवढं बघायला. कडेची रेघ मात्र धाग्याच्या मागून काढा, ती नागमोडी आली तरी चालेल. माझ्या धनुष्याला अगदी वरून बघितलं तर ते थोडं पोट सुटल्यासारखं दिसतं.

गाठींची वर्गवारी मी अशी केली. डाव्या बाजूला तीन गाठी होत्या, उजव्या बाजूला दोन. मधोमध आलेली आणि घट्ट असलेली गाठ चालते, पण ती जेवढी रुंद तेवढंच शाबूत लाकूड तिच्या दोन्ही अंगांना हवं, तेवढ्यापुरती रुंदी वाढवा. कडेवर अर्धी आलेली गाठ सगळ्यात वाईट. आखणी दोन-चार मिलिमीटर सरकवून एकतर तिला पूर्ण आत घ्या नाहीतर पूर्ण बाहेर काढा. काळी, हलणारी गाठ पाठीवर असेल तर तुकडा सोडून द्या. भुसा आणि अरल्डाइट भरून भोक बुजतं, पण त्या भरावाने ताण पेलत नाही. यूचे कारागीरही पाठीवरच्या बारीक गाठींभोवती लाकूड उंचवट्यासारखं सोडत. पोटाच्या बाजूलाही गाठीखाली दीड-दोन मिलिमीटर जादा जाडी ठेवा. उंचवटा दिसतो, तो दिसू दे. तिथे धनुष्य जरासं ताठ राहिलं तरी चालतं, वाकू मात्र देऊ नका.

कडा करवतीने आणि पटाशीने उतरवा, पोट रंध्याने. मधल्या भागापासून टोकाकडे जाडी हळूहळू कमी होत जावी. मी 17 मिलिमीटरवर सुरुवात करून टोकाला 12 ठेवली होती. हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, लाकूड ठरवतं. एक टोक जमिनीवर टेकवून मधोमध तळव्याने दाबा. जेमतेम वाकायला लागलं की रंधा बाजूला ठेवा. इथून पुढे काम काचेच्या तुकड्याचं. सुतार पॉलिशआधी जशी फुटकी काच घेऊन लाकूड खरवडतो तशीच.

ज्याला टिलरिंग म्हणतात ते हे: दोन्ही बाजूंना सारखा बाक आणणं. गच्चीवरच्या टाकीच्या खोलीत मी भिंतीवर निळीच्या सुताने 5 सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या, मधोमध लाकडी खुंटा ठोकला आणि त्यावर धनुष्य पाठ वर करून ठेवलं. टोकांना गोल कानशीने खाचा पाडून धनुष्याहून थोडी लांब, सैल दोरी लावली. दोरीच्या मधून सामान तोलायचा स्प्रिंगकाटा, त्याला रस्सी, रस्सी जमिनीजवळच्या कप्पीतून खोलीच्या दुसऱ्या टोकाला. ओढणारा माणूस धनुष्याच्या रेषेत कधीच उभा राहू नये. माझी नात दाराजवळच्या स्टुलावर चष्मा लावून बसायची आणि चौकटी मोजायची. "आजोबा, डावी बाजू आळशी आहे."

थोडं ओढा, बघा, जी जागा वाकत नाही तिथे पेन्सिलीने फुली मारा, उतरवा, फुलीवर दहा घासे द्या. पुन्हा लावून पंचवीस वेळा हलकं ओढा आणि मगच बघा. लाकडाला नवा बाक कळायला वेळ लागतो; लगेच बघितलं तर ते जुनंच उत्तर देतं. एखादी जागा जास्त वाकून बिजागरासारखी झाली तर तिला हात लावू नका, बाकी सगळं पातळ करा. आणि शेवटी ओढीला जेवढं वजन काट्यावर हवं त्याच्या पुढे मधल्या टप्प्यात काटा कधीच नेऊ नका. मला 27 सेंटिमीटरवर 16 किलो हवं होतं. 16 किलो आलं की 15 सेंटिमीटरवरही थांबायचो आणि खरवडायचो.

एक साधं साधन करा: 12 सेंटिमीटर लांब सरळ पट्टी, मधोमध भोक, त्यात पेन्सिल. धनुष्य थोडं ओढून बांधून ठेवा, पट्टी पोटावर सगळ्यात जास्त बाकाच्या जागी धरा, पेन्सिल टेकेल न टेकेल इतकी घट्ट करा आणि पट्टी सरकवत न्या. जिथे बाक कमी तिथे पेन्सिल आपोआप रेघ ओढते. सपाट लाकडावर हे साधन खरं बोलतं. गाठीवर धादांत खोटं बोलतं, कारण आपणच सोडलेल्या उंचवट्यावर पेन्सिल टेकणारच. माझ्यातला पॅटर्नमेकर दर वेळी ती रेघ खरवडायला निघायचा. शेवटी पाचही गाठींवर मी लाल चिकटपट्टीचे तुकडे लावले. तिथे काच न्यायची नाही, फक्त डोळ्यांनी बाकाची एकूण ओघ बघायची.

टोकं 9 सेंटिमीटर खाली यायला लागली की खरी, आखूड दोरी चढवा. पॉलिएस्टर धाग्याची पिळलेली दोरी चांगली, नायलॉन ताणत जातं. हातातल्या धनुष्यात खालची बाजू थोडी ताठ ठेवतात, क्रॉसबोत तसं नाही. धनुष्य दस्त्याला मधोमध बांधलेलं असतं, एक बाजू जोरदार झाली की दोरी तिरकी धावते आणि बाणही. टोकापासून 20 सेंटिमीटरवर दोन्हीकडे दोरी आणि पोट यांतलं अंतर मोजा, गाठ सोडून. माझा फरक शेवटी एक मिलिमीटर राहिला.

दस्त्यावर बसवताना मधोमध भोक अजिबात पाडू नका. खाली चामड्याचा तुकडा देऊन सुतळीने आवळून बांधा. वर चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशचे चार हात. पावसाळ्यात दोरी काढून दोन खिळ्यांवर आडवं ठेवा, भिंतीला टेकवून उभं नको. बाण न लावता दोरी सोडू नका, सगळा जोर लाकडातच परत जातो. शिकार 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, त्यामुळे येऊरच्या जंगलात पिशवीत घालूनही नेऊ नका. शिवाय ठाण्यात शस्त्रबंदीचे आदेश अधूनमधून निघतच असतात, त्यात काठीसुद्धा धरतात. आमचं लक्ष्य म्हणजे चिंध्या भरलेलं गोणपाट, तेही बंद खोलीत, बाणाला रबरी बूच.

चाळीसेक बाण झाले की दोरी काढा आणि पोटावर टॉर्च आडवा धरा. गाठीच्या बाजूला केसासारखी आडवी सुरकुती दिसली तर तिथलं लाकूड दबून चिरडतंय. ते धनुष्य भिंतीवर शोभेला लावा, आणि पुढचा तुकडा वजनाला ठेवा.