वर्गातल्या मदतनीसांनी मुलांना वागायला-बोलायला कसं शिकवायचं

मुख्य शिक्षक फळ्यापाशी असतात आणि आपण मदतनीस बाकांच्या मधे असतो, आणि मुलांचं एकमेकांशी जे काही वागणं चालतं ते सगळं बाकांच्या मधेच चालतं. कोणी खोडरबर हिसकावला, कोणी रांगेत मधेच घुसलं, कोणी सारखं दुसऱ्याचं बोलणं तोडतंय, कोणी आठवडाभर कोणाशीच बोललेलं नाहीये, हे शिक्षकांपर्यंत पोचतं तेव्हा तक्रार होऊन पोचतं, आपल्याला मात्र ते घडताना दिसतं. म्हणून मला खरंच वाटतं की मॅनर्स आणि सोशल स्किल्स शिकवायला आपल्याइतकी चांगली जागा वर्गात दुसऱ्या कोणाकडे नाही. पण ती वापरायची कशी हे सांगायला सहसा कोणी बसत नाही, म्हणून जे मला कामाला आलं ते सगळं इथे लिहितेय.

पहिली गोष्ट, "नीट वाग" हे वाक्य बंद करा. मुलाला त्यातून काहीच कळत नाही. "हिसकावू नकोस", "ओरडू नकोस" यातूनही काय करायचं नाही एवढंच कळतं, मग करायचं काय? ते सांगा. "हात पुढे कर आणि विचार, तुझं झालं की मला देशील का?" हे मुलाला लगेच करता येतं. आणि एका वेळी सगळं सुधारायला जाऊ नका, शिक्षकांशी बोलून एका मुलासाठी एक, फार तर दोन गोष्टी ठरवा आणि शब्दही ठरवून घ्या, कारण शिक्षक एक वाक्य वापरतात, आपण दुसरं आणि घरी तिसरं, असं झालं की ते लहान मूल बिचारं तीन वेगवेगळे नियम शिकत बसतं.

आपल्याला साध्या वाटणाऱ्या गोष्टी मुलासाठी किती मोठ्या असतात हे त्या फोडून बघितल्याशिवाय कळत नाही. "जा, त्यांच्यात खेळ" असं आपण सहज म्हणतो. पण त्यात काय काय आहे बघा. जवळ जाऊन उभं राहायचं, पण फार जवळ नाही. खेळ काय चाललाय, नियम काय आहेत ते थोडा वेळ बघायचं. डाव संपला किंवा कोणी थांबलं की मगच विचारायचं. "हो" म्हणाले तर त्यांनी दिलेलं काम घ्यायचं, लगेच "मी कॅप्टन" म्हणायचं नाही. आणि "नाही" म्हणाले तर? हा शेवटचा भाग बहुतेक जण शिकवायचाच विसरतात आणि सगळी भांडणं, रडणं तिथेच होतं. नकार मिळाला तर "बरं, पुढच्या डावात घ्याल का?" म्हणायचं किंवा दुसऱ्या कोणाला विचारायचं, हे मुलाने आधी दहा वेळा म्हणून बघितलेलं असलं पाहिजे.

हे म्हणून बघणं शांत वेळी करायचं, भांडण चालू असताना नाही. पाच मिनिटं पुरतात, वर्ग भरायच्या आधी किंवा मधल्या सुट्टीच्या जरा आधी, म्हणजे शिकलेलं लगेच वापरता येतं. तुम्ही दुसरं मूल व्हा आणि त्याला विचारू द्या. एक काळजी घ्या, चुकीचं वागून दाखवायचं असेल तर ते तुम्ही करा, मुलाला करायला लावू नका, मुलाने सराव बरोबर वागण्याचाच करायचा. नाहीतर होतं काय की हिसकावण्याचं नाटक करताना सगळे हसतात आणि तेच लक्षात राहतं.

काही मुलांना, विशेषतः ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांना, नाटकापेक्षा लिहिलेलं आणि चित्रातलं जास्त पटकन समजतं. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९० च्या सुमारास यासाठी सोशल स्टोरी नावाची पद्धत सुरू केली. त्या त्या मुलासाठी लिहिलेली छोटीशी गोष्ट, "मधल्या सुट्टीत घंटा वाजते. मुलं रांगेत उभी राहतात. कधी कधी मला मागे उभं राहावं लागतं. माझा नंबर येतोच." अशी. यात हुकूम कमी आणि काय घडतं, का घडतं हे जास्त असायला हवं. मी बघितलंय, लोक सोशल स्टोरी म्हणून नियमांची यादीच लिहितात, "मी धक्का देणार नाही, मी ओरडणार नाही", ती मग शिक्षा दिल्यासारखी वाटते आणि मूल ती वाचायलाच तयार होत नाही.

आता प्रत्यक्ष प्रसंग. इथे आपली सगळ्यात मोठी चूक घाईची असते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधे बघितलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि ते ३ सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक यायला लागतात. ते अभ्यासातल्या प्रश्नांबद्दल होतं, पण वागण्या-बोलण्यालाही मला ते तितकंच लागू वाटतं. कोणी मुलाला काही दिलं की आपण लगेच "काय म्हणायचं असतं?" विचारतो. मुलाला बोलायला जागाच मिळत नाही, आणि हळूहळू "काय म्हणायचं असतं?" ऐकल्यावरच थँक्यू म्हणायचं अशी सवय लागते. मी मनात पाच मोजते. पाच झाले तरी काही नाही तर नुसतं त्याच्याकडे बघते, मग देणाऱ्या मुलाकडे नजर वळवते, मग बोटाने हलकी खूण, आणि सगळ्यात शेवटी शब्द. येत असलेली गोष्ट आठवून द्यायची असेल तर अशी कमीत कमी मदतीपासून सुरुवात करायची. गोष्ट अगदी नवीन असेल तर मात्र उलटं, आधी पूर्ण वाक्य आपण सांगायचं, मग अर्धं, मग पहिला शब्द, मग काहीच नाही. नवीन शिकणाऱ्या मुलाला नुसतं बघत उभं ठेवणं म्हणजे त्याला सगळ्यांसमोर हरवणं आहे, ते करू नका.

सॉरीबद्दल जरा जास्त लिहिते कारण रोजचा प्रश्न आहे. "सॉरी म्हण, आत्ताच्या आत्ता" म्हटलं की मूल जमिनीकडे बघत सॉरी म्हणतं आणि पाच मिनिटांनी परत तेच. त्याला एवढंच कळलेलं असतं की हा शब्द टाकला की सुटका होते. त्यापेक्षा आधी दोघांना शांत होऊ द्या. मूल खूप चिडलेलं, रडत असेल तेव्हा शिकवणं पूर्ण बंद, तेव्हा फक्त सुरक्षित जागा आणि कमी शब्द. मग दोघांचं ऐकायचं, एकाचं चालू असताना दुसऱ्याने मधे बोलायचं नाही. मग ज्याच्याकडून चूक झाली त्याला विचारायचं, "तिच्याकडे बघ, तिचं काय झालं?" आणि "आता तू काय केलंस तर तिला बरं वाटेल?" चित्र फाटलं असेल तर चिकटवायला मदत, ढकललं असेल तर पडलेल्या वस्तू गोळा करून देणं. दुरुस्ती झाली की सॉरी पुष्कळदा आपोआप येतं, आणि नाही आलं तरी त्या दिवशी चालेल. आणि ज्या मुलाला लागलंय त्याच्यावर "इट्स ओके" म्हणायची सक्ती करू नका, त्याला अजून ओके वाटत नसेल तर नाही वाटत, त्याने "मला अजून राग आलाय" म्हटलं तर तेही चांगलं बोलणंच आहे.

मुलं आपल्याकडून शब्दांपेक्षा बघून जास्त उचलतात. १९६१ मधे स्टॅनफर्डला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी ७२ लहान मुलांवर प्रयोग केला, त्यात मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना बघितलेल्या मुलांनी पुढे तशीच मारामारी केली, कोणी शिकवलं नव्हतं तरी. म्हणजे आपण सफाई करणाऱ्या मावशींना कसं हाक मारतो, शिक्षक बोलत असताना मधे कसं थांबतो, हे सगळं मुलं टिपत असतात. एकदा मी एका मुलावर पाणी सांडलं म्हणून ओरडले आणि नंतर कळलं की ते त्याने सांडलंच नव्हतं. सगळ्यांसमोर ओरडले होते म्हणून सगळ्यांसमोरच त्याला म्हटलं, "मी न विचारता ओरडले, ते चुकलं माझं, पुढच्या वेळी आधी विचारीन." वर्ग एकदम गप्प झाला. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत तसंच वाक्य मी दोन वेगवेगळ्या मुलांच्या तोंडून एकमेकांसाठी ऐकलं, आणि मला तो दिवस अजून आठवतो.

कौतुक करताना "गुड बॉय", "शाब्बास" यावर थांबू नका, काय केलं ते सांगा, "तू तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबलास". मोठ्या मुलांना हे हळूच, जवळ जाऊन सांगा, सगळ्यांसमोर सांगितलं तर त्यांना लाज वाटते आणि ती परत तसं वागत नाहीत. स्टिकर, स्टार वगैरे मी अगदी जपून वापरते. १९७३ मधे लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात ज्या लहान मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यांना बक्षीस कबूल केलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं आधीपेक्षा कमी चित्रं काढायला लागली. म्हणून जे मूल आपणहून वस्तू वाटून घेतंय त्याला स्टिकर देऊन ते बिघडवू नका. ज्याला सुरुवातच जमत नाही त्याला थोडे दिवस आधार म्हणून ठीक आहे, मग कमी करत बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे ऐकायला आपल्याला थोडं जड जातं.

आपण जवळ असणं हीच अडचण होऊ शकते. संशोधक मायकेल गियानग्रेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मधे अमेरिकेतल्या नेहमीच्या वर्गांत शिकणाऱ्या दिव्यांग मुलांबद्दल अभ्यास छापला. त्यात दिसलं की मदतनीस सतत मुलाला चिकटून असली की मूल वर्गमित्रांपासून वेगळं पडतं, मोठ्यांवर अवलंबून राहतं, आणि बाकी मुलं त्याच्याजवळ यायला कचरतात. मी हे वाचायच्या आधी अनुभवलं होतं. मी एका मुलाची शॅडो टीचर, म्हणजे फक्त त्याच्यासाठी नेमलेली मदतनीस होते, वर्षभर त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायचे, आणि एक दिवस एक मुलगी आली आणि मला विचारलं, "ताई, त्याला खेळायचंय का?" तो माझ्या शेजारीच होता. त्याला ऐकू येत होतं, तो बोलू शकत होता, तरी प्रश्न मला. तेव्हा पोटात तुटलं माझ्या.

त्या दिवसापासून मी एकच उत्तर ठरवलं, "त्यालाच विचार." आणि मग गप्प बसायचं, तो वेळ लावत असला तरी. खुर्ची शेजारून हलवून मागे नेली, मग दुसऱ्या रांगेत, मग त्याच्या गटात बसून बाकीच्या मुलांना मदत करायला लागले म्हणजे मी कोणा एकाची राहिले नाही. गटात त्याला असं काम द्यायला शिक्षकांना सांगितलं की बाकीच्यांना त्याच्याकडे यावंच लागेल, रंगांचा डबा त्याच्याकडे, वेळ बघायचं काम त्याच्याकडे. तुम्हीही दिवसातली दहा मिनिटं ठरवा जेव्हा तुम्ही लांबून फक्त बघणार, सुरक्षिततेचा प्रश्न असेल तरच मधे पडणार. सुरुवातीला हात शिवशिवतात, होतं तसं.

आणि शिकायचं फक्त एकाच मुलाने असं नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक, त्यांनी २०१२ मधे मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमधे जो गैरसमज होतो तो दोन्ही बाजूंनी असतो. म्हणून बाकीच्या मुलांनाही शिकवा, आधी नावाने हाक मार, एकच प्रश्न विचार, उत्तराची वाट बघ. "माझ्या डोळ्यात बघून बोल" ही सक्ती अजिबात करू नका, बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना त्याचा खरोखर त्रास होतो आणि डोळ्यात बघायला लावलं की ऐकणं जमत नाही. कार्ड दाखवून, टॅबवर बटण दाबून किंवा हात हलवून केलेलं हॅलो हे पूर्ण हॅलोच आहे. तसंच एखाद्या मुलाच्या घरची पद्धत वेगळी असते, कोणाकडे मोठ्यांशी खाली बघून बोलणं हाच आदर असतो, तेव्हा "तुला मॅनर्स नाहीत" असं कधीच म्हणू नका, "शाळेत आपण असं करतो" एवढं पुरतं.

एक गोष्ट शिकवून झाली म्हणजे ती सगळीकडे जाईल असं समजू नका. स्टोक्स आणि बेअर या संशोधकांनी १९७७ मधेच लिहिलंय की बहुतेक वेळा लोक शिकवतात आणि पुढे आपोआप पसरेल अशी आशा ठेवतात. तुमच्याशी छान बोलणारं मूल लायब्ररीत, बसमधे, नवीन शिक्षकांसमोर गप्प होतं ते त्यामुळेच. ती जागा, ती माणसं सरावात आणा, घरच्यांना तेच वाक्य कळवा.

नोंद ठेवायला छोटी वही पुरते. तारीख, कुठे, कोणाबरोबर, आणि स्वतःहून केलं की खुणेने की सांगितल्यावर, बस. चुकांची वही करू नका आणि ती मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. दोन वेगळ्या जागी, तीन वेगळ्या माणसांबरोबर "स्वतःहून" लिहिलं गेलं की मी शिक्षकांना वही दाखवते, ती गोष्ट सोडते आणि आम्ही पुढची एक ठरवतो.