प्रकाशावर चालणारे ड्रेस वॉच निवडताना: आधी उजेड, मग तारीख

समारंभात किंवा महत्त्वाच्या बैठकीत घालायचे घड्याळ, म्हणजेच ड्रेस वॉच, पातळ असावे, त्याची तबकडी मोकळी असावी आणि ते शर्टाच्या कफाखाली सहज सरकावे, असा संकेत आहे. प्रकाशावर चालणाऱ्या घड्याळाची गरज मात्र याच्या उलट असते, कारण त्याची तबकडी जितकी उघडी राहील तितके ते निर्धास्त चालते. त्यातच ड्रेस वॉच रोजच्या वापरातले नसल्यामुळे त्याचा मोठा काळ कपाटात जातो आणि त्याला तारीख-वाराची जोड असेल, तर त्या अंधारातही त्याला दिवस मोजत राहावेच लागतात. म्हणून खरेदीला निघण्यापूर्वी हे घड्याळ मनगटावर नसेल तेव्हा घरात कोठे राहील याचा विचार आधी करावा. ब्रँड आणि किंमत यांचा विचार त्यानंतर.

या घड्याळांची रचना समजली की पुढचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. तबकडीच्या खाली सौर पट्टी बसवलेली असते; अर्धपारदर्शक तबकडीतून झिरपणारा उजेड तिच्यावर पडला की वीज तयार होते, ती रिचार्ज होणाऱ्या एका लहान सेलमध्ये साठते आणि त्या साठ्यावर नेहमीची क्वार्ट्झ यंत्रणा चालते. काट्यांचे असे पहिले घड्याळ जपानच्या सिटिझन कंपनीने १९७६ साली आणले. (१९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला तो याच कंपनीच्या सहकार्याने, त्यामुळे आपल्या वडील-आजोबांच्या मनगटाशी तिचे नाते जुनेच आहे.) त्या काळी सौर पट्ट्या तबकडीवरच उघड्या दिसत आणि घड्याळ एखाद्या उपकरणासारखे भासे. आज सिटिझनच्या इको-ड्राइव्ह या नावाने मिळणाऱ्या किंवा सीको या दुसऱ्या जपानी कंपनीच्या सोलर घड्याळात पांढरी, हस्तिदंती, निळी अशी कोणतीही तबकडी मिळते आणि खालची पट्टी दिसतही नाही. तरीही उजेड आत जाऊ द्यायचा असल्यामुळे धातूच्या तबकडीची खोल झळाळी या प्रकारात कमीच आढळते. या मर्यादेवर कंपन्यांनी सुंदर उपाय काढले आहेत. सिटिझनच्या ‘द सिटिझन’ मालिकेतील काही घड्याळांना तोसा प्रांतातील हातकागदाची तबकडी असते आणि त्या कागदाच्या धाग्यांमधूनच उजेड खाली उतरतो. कार्तिएने २०२१ मध्ये ‘टँक मस्ट’च्या सोलारबीट आवृत्तीत रोमन आकड्यांनाच डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रे पाडली. दुकानात तबकडी निवडताना ती थोडी तिरपी धरून पाहावी. स्वस्त नमुन्यांत प्लास्टिकची चमक लगेच डोळ्यांत भरते आणि एकदा ती दिसली की पुढे रोज दिसत राहते.

आता उजेडाचा हिशेब. उजेड लक्स या एककात मोजतात. भर उन्हात उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स, ढगाळ दिवशी उघड्यावर सुमारे १०,००० लक्स आणि उत्तम उजेडाच्या कार्यालयात सुमारे ५०० लक्स प्रकाश असतो. एका ट्यूबलाइटच्या दिवाणखान्यात त्याहूनही कमी. घड्याळासोबतच्या पुस्तिकेत एक तक्ता असतो आणि त्यात कोणत्या प्रकाशात किती वेळ ठेवले म्हणजे घड्याळ एक दिवस चालेल, हे दिलेले असते. उन्हाच्या ओळीत ही संख्या काही मिनिटांची असते, तर ५०० लक्सच्या ओळीत ती काही तासांवर जाते. ग्राहकाने आपल्या वापराशी जुळणारी हीच दुसरी ओळ वाचावी. जो दिवसभर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वर कोट घालून वातानुकूलित खोलीत बसतो, त्याच्या घड्याळाला पूर्ण दिवस घालूनही त्या दिवसापुरता उजेड मिळेलच असे नाही. याउलट कोकणातल्या पावसाळ्यात ऊन आठवडाभर दिसले नाही, तरी काळजीचे कारण नसते, कारण ढगांखालचा खिडकीतला उजेडही दिव्याच्या उजेडाहून कितीतरी जास्त असतो. मात्र चार्ज करण्याच्या नादात घड्याळ मोटारीच्या डॅशबोर्डवर किंवा तापणाऱ्या दिव्याच्या अगदी जवळ ठेवू नये. त्याला प्रकाश लागतो, उष्णता बाधते आणि चामड्याच्या पट्ट्याचे तर तिने फारच नुकसान होते.

यानंतर पाहायची गोष्ट म्हणजे पूर्ण चार्ज झालेले घड्याळ अंधारात किती दिवस चालते. साध्या तारखेच्या बऱ्याच नमुन्यांत हा काळ सहा महिन्यांच्या आसपास असतो, काहींत त्याहून जास्त. ज्या नमुन्यांत वीज वाचवण्याची सोय असते, ते अंधारात काटे थांबवून आतल्या आत वेळ मोजत राहतात आणि उजेड मिळताच काटे योग्य जागी आणून ठेवतात. अशांचा साठा कित्येक पटींनी लांबतो. सेल उतरू लागला की सेकंद काटा दर सेकंदाला न सरकता दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागतो. ही सूचना म्हणून मुद्दाम केलेली योजना आहे, बिघाड नव्हे. पण ती माहीत नसल्यामुळे चांगली घड्याळे दुरुस्तीला नेणारे लोक मी पाहिले आहेत.

मग तारखेची बाजू, आणि निवडीतली खरी गोम इथेच आहे. सर्वांत साध्या प्रकारात ३१ आकड्यांची एक चकती असते. तिला महिन्याची लांबी कळत नाही, म्हणून फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपल्यावर, म्हणजे वर्षातून पाच वेळा, ती हाताने पुढे न्यावी लागते. तारीख आणि वार दोन्ही दाखवणाऱ्या घड्याळात वाराच्या चकतीवर बहुधा दोन भाषा असतात. दुसरी भाषा कोणती आहे हे घेण्यापूर्वी फिरवून पाहावे, नाहीतर मंगळवारच्या जागी न वाचता येणारा शब्द दिसून दर वेळी चावी फिरवत बसावे लागते. तारीख, वार आणि महिना वेगवेगळ्या छोट्या तबकड्यांवर दाखवणारी घड्याळे दिसायला भारदस्त असतात, मात्र त्यांच्यातील कित्येकांना लहान महिने कळत नाहीत. तबकडीवर काटे जास्त आहेत म्हणजे यंत्र जास्त जाणते, असे गृहीत धरू नये. कायमस्वरूपी दिनदर्शिका, म्हणजे पर्पेच्युअल कॅलेंडर, असे स्पष्ट लिहिले असेल तरच ते ३० आणि ३१ दिवसांचे महिने व लीप वर्षे स्वतः सांभाळते. अशा घड्याळांची हमी साधारणपणे २८ फेब्रुवारी २१०० पर्यंत असते, कारण ते शतकवर्ष ४०० ने भागले जात नाही, त्यामुळे ते लीप वर्ष नसेल आणि दर चार वर्षांच्या नियमावर चालणारे यंत्र तेथे चुकेल. आज खरेदी करणाऱ्याने त्याची चिंता नातवंडांवर सोपवायला हरकत नाही.

रोज किंवा आठवड्यातून तीन-चार वेळा घातल्या जाणाऱ्या घड्याळाला साधी तारीख पुरेशी आहे, असे माझे मत आहे. वर्षातून पाच वेळा चावी फिरवणे हे काही ओझे नाही आणि घड्याळ स्वस्त, पातळ व दुरुस्तीला सोपे राहते. पर्पेच्युअल कॅलेंडरचा खरा उपयोग अधूनमधून घातल्या जाणाऱ्या घड्याळाला होतो, कारण दोन महिन्यांनी बाहेर काढले तरी तारीख बरोबर असते. पण जर ते अंधारात पूर्णपणे उतरून बंद पडले, तर सर्वांत जास्त त्रासही तेच देते. साध्या घड्याळात वेळ आणि तारीख लावली की काम संपते. यात मात्र महिना आणि लीप वर्षापासून झालेली वर्षेही भरावी लागतात. काही यंत्रांत तर ही माहिती सेकंद काट्याच्या जागेवरून वाचायची असते, म्हणजे दोन ताशी खुणांमधील पट्टा महिना सांगतो आणि त्या पट्ट्यातील नेमका मिनिट लीप वर्षानंतरचे वर्ष सांगतो. लग्नसराईनंतर माझे असेच एक घड्याळ लोखंडी कपाटात, अहेराच्या पाकिटांखाली वर्षभराहून अधिक काळ पडून राहिले. ते पुन्हा चालू करताना आधी दोन दिवस खिडकीत ठेवावे लागले आणि नंतर पुस्तिका समोर उघडून काटे शून्यावर आणण्यापासून सुरुवात करावी लागली, त्यात रविवारची सकाळ गेली. तेव्हापासून ते काचेच्या दाराच्या कपाटात, खिडकीसमोर असते.

सिटिझनच्या ए०६० या यंत्रणेवरची घड्याळे या प्रकारातला वरचा दर्जा दाखवतात. त्यांत वर्षाला जास्तीत जास्त पाच सेकंदांचा फरक आणि पर्पेच्युअल कॅलेंडर असूनही तबकडीवर फक्त तारखेची एक लहान खिडकी असते. सगळी हुशारी आत लपलेली. साध्या क्वार्ट्झ घड्याळात महिन्याला पंधरा सेकंदांपर्यंतचा फरक चालतो, त्याच्याशी हे ताडून पाहावे. अशा यंत्रांत तासकाटा एकटा पुढे-मागे नेता येतो आणि मध्यरात्र ओलांडली की तारीखही त्याबरोबर बदलते, हे प्रवाशांना सोयीचे आहे; पण पुण्याहून दुबईला जाणाऱ्याने लक्षात ठेवावे की फरक दीड तासाचा आहे आणि तासकाट्याची उडी पूर्ण तासाचीच असते. भारताच्या साडेपाच तासांच्या वेळेमुळे ही सोय आपल्याला अर्धीच उपयोगी पडते.

तसेच रेडिओ संकेतावर वेळ जुळवणाऱ्या घड्याळांविषयीही सावध राहावे. या घड्याळांना जे संकेत कळतात, ते जपान, चीन, जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका येथून प्रसारित होतात; महाराष्ट्रात त्यांपैकी कोणताही भरवशाने मिळत नाही, म्हणून येथे ते साधे क्वार्ट्झ घड्याळ म्हणूनच चालते आणि त्या सोयीसाठी दिलेले पैसे वाया जातात. फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेन येथील ७७.५ किलोहर्ट्झच्या संकेताच्या टप्प्यात राहणाऱ्या मराठी माणसाने मात्र असेच घड्याळ घ्यावे. ते रात्री खिडकीजवळ ठेवले की वेळ आणि तारीख दोन्ही आपोआप जुळतात आणि उन्हाळी वेळेचा बदलही लक्षात ठेवावा लागत नाही. उपग्रहावरून वेळ घेणारी सोलर घड्याळे भारतातही चालतात, पण ती बहुधा जाड असतात आणि कफाखाली जात नाहीत.

जाडीचा मुद्दा आलाच आहे, तर तो येथेच संपवतो. सरासरी मनगटाला ३६ ते ४० मिलिमीटर व्यास आणि १० मिलिमीटरच्या आत जाडी शोभते. सिटिझनच्या २०१६ च्या ‘इको-ड्राइव्ह वन’ची केस तर ३ मिलिमीटरहूनही पातळ होती, पण त्यात तारीख नव्हती, तारखेची चकती आणि गिअर आले की जाडी वाढतेच. वार, महिना आणि जोडीला गजर व दुसऱ्या शहराची वेळ हवी असेल, तर ते ड्रेस वॉच राहत नाही, हे मान्य करून दुसऱ्या प्रकारातले घड्याळ घ्यावे. तारखेची खिडकी सहाच्या जागी असेल तर तबकडी समतोल दिसते, तीनच्या जागी असेल तर कफातून डोकावताना आधी तीच दिसते. दोन्हींत चकतीचा रंग तबकडीशी जुळलेला असावा. काचेवरचे भिंग ड्रेस वॉचवर विजोड दिसते. काच शक्यतो सफायरची, म्हणजे सहसा ओरखडे न पडणाऱ्या कठीण स्फटिकाची, घ्यावी, कारण ओरखडे पडलेली काच दिसायला वाईट असते. पाणीरोधाचा आकडा ३० मीटर असेल तर तो हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरता समजावा.

चंद्रकला दाखवणारी सोलर घड्याळेही मिळतात आणि समारंभात ती देखणी दिसतात. त्यांतील साध्या यंत्रणेत चंद्राचा फेरा २९.५ दिवसांचा धरलेला असतो, प्रत्यक्षात तो किंचित मोठा म्हणजे सुमारे २९.५३ दिवसांचा असतो. त्यामुळे घड्याळातला चंद्र सुमारे दोन वर्षे आठ महिन्यांत एक दिवस पुढे जातो. अधिक मासही साधारण तितक्याच अंतराने येतो. तेव्हा अधिक मासातल्या पौर्णिमेला चंद्र नव्याने लावायचा, एवढी खूणगाठ बांधली तर वेगळी नोंद ठेवावी लागत नाही. तिथीशी मात्र तो तंतोतंत जुळावा अशी अपेक्षा करू नये.

देखभालीत एकच चूक महागात पडते. कोपऱ्यावरच्या घड्याळजीने सेल उतरला म्हणून साधा बटन सेल बसवला, तर यंत्र त्या न चार्ज होणाऱ्या सेलला चार्ज करू पाहते आणि तो गळण्याचा किंवा फुटण्याचा धोका असतो. जुने घड्याळ घेताना साठा किती टिकतो ते आठवडाभर अंधारात ठेवून तपासावे. तारीख हाताने बदलायची असेल तर रात्री ९ ते पहाटे ५ या वेळेत बदलू नये, कारण त्या काळात चकतीचे दाते गुंतलेले असतात. तारीख दुपारी बारा वाजता बदलत असेल, तर सकाळ-रात्र उलटी लागली आहे असे समजून काटे बारा तास पुढे न्यावेत.

दुकानात पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला आजची वेळ, तारीख आणि असल्यास वर्ष, हे सारे पुस्तिका पाहून आपल्यासमोर लावायला सांगावे आणि नंतर तेच स्वतः एकदा करून पाहावे. दहा मिनिटांत दोघांनाही ते जमले नाही, तर त्याच पेटीतले साध्या तारखेचे घड्याळ मागावे. ऑनलाइन मागवले असेल, तर पेटीत महिनोन्‌महिने अंधारात राहिलेले असू शकते, म्हणून ते आधी पूर्ण चार्ज होऊ द्यावे आणि सेकंद काटा एकेका सेकंदाने चालू लागल्यावरच चावी ओढावी.